शंभरातून सात

वर्ध्याच्या दवाखान्यात, फरशीवरच्या पिवळ्या पट्टीवर
फिजिओच्या बाई म्हणाल्या, दहा मीटर चाला, नुसतं.
चाललो. अकरा सेकंद.
आता चालता चालता
शंभरातून सात-सात वजा करत या.

त्र्याण्णव.
शहाऐंशी.
आणि डावा पाय फरशीला चिकटला,
पावसाळ्यात काळ्या मातीत चप्पल राहून जाते तसा.
एकोणऐंशी कुठंतरी होतं,
पाय कुठंतरी होता,
मी दोघांच्या मधे, भिंत धरून.

बाई, मी हिंगणघाटच्या यार्डात तोलारी होतो,
हे सांगायचं राहून गेलं.
सतरा हंगाम थप्प्यांमधून फिरत पोती मोजली.
पहिल्या पोत्याला एक म्हणत नाहीत,
लाभ म्हणतात.
लाभ, दोन, तीन, चार,
तोंडात आकडा, नजर काट्यावर,
कानात अडत्याच्या शिव्या,
आणि पाय आपले आपण चालायचे.
त्यांना कधी कोणी विचारलंच नव्हतं.
बाईंनी कागदावर लिहिलं : सव्वीस सेकंद.

डॉक्टरांनी मेंदूचा फोटो उजेडावर धरला.
पांढरे ठिपके, इथं तिथं.
सीतादहीच्या दिवशी शेतात जेवढी बोंडं फुटलेली असतात, तेवढे.
वेचणीला टाईम आहे अजून, मी म्हटलं.
शालू हसली नाही. डॉक्टरही नाही.

गावात चालणं म्हणजे बोलणं.
घरापासून पाण्याच्या टाकीपर्यंत नऊ अंगणं,
नऊ वेळा, "कुठी चाल्ला गा गुणवंता?"
उत्तर सोपं आहे : दुधाले.
पण हा शब्द ज्या दारातून निघतो
त्याच दारातून आता माझा गुडघाही निघतो,
आणि दार अरुंद.
एकानं थांबायचं.

मी पाय निवडला.
तर गाव म्हणालं, गुणवंता फुगला.
पंचफुलाबाई झाडेनं शालूला हटकलं,
"तुया नवरा मले ओ देत नाही."
मग उत्तर निवडलं
आणि केटलीसकट नालीत गेलो.
"सकायीच घेतली वाटते बापा."
जिल्ह्यात दारूबंदी आहे, तरी.

मे लागला की साडेसहाच्या आत घरी पोचायचं.
त्यानंतरचं ऊन माझ्या अंगावर पडत नाही,
आत शिरतं.
मोटारीच्या वायरीचं साल उंदरानं खाल्लं
की जे होतं ते.

गुंजन चौथीत आहे. केटली तीच धरते आता.
तिसऱ्या अंगणाशी तिनं विचारलं,
"बाबा, सात नवे?"
मी थांबलो.
त्रेसष्ट म्हटलं, मग पाय उचलला.
ती माझ्या तोंडाकडे नाही, चपलांकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी वाटेत एक शब्द नाही.
टाकीशी पोचलो, केटली खाली ठेवली,
दोन्ही पाय जुळल्याची तिनं खात्री केली.
"हं. आता सांगा. सात आठे?"

तिनं अंगणांत काय सांगितलं, मला माहीत नाही.
एवढंच, की सोमवारी पंचफुलाबाई
हातात खराटा घेऊन कडूनिंबाखाली उभी होती,
तोंड मिटून.
पंचफुलाबाई, तोंड मिटून!
मी पोचलो, खोडाला हात लावला,
तेव्हा तिचा श्वास सुटला,
"आता सांग बाप्पा, कुठी चाल्ला?"
"दुधाले."
एवढा अख्खा शब्द कितीतरी दिवसांनी निघाला.
मग ती सुनेबद्दल बोलत राहिली, पाऊण तास.
उन्हं वर आली. त्याचंही काय करायचं, कळत नाही.

कडूनिंब ते टाकी, मधे कोणाचं घर नाही.
तिथं जुनी खोड उठते.
पहिलं पाऊल टाकतो, मनात म्हणतो, लाभ.
दोन म्हणायला गेलो तर टाच घासते.
म्हणून पुढच्या पावलालाही लाभ.
त्याच्या पुढच्यालाही.
टाकीपर्यंत एकूण किती झाले
ते विचारू नका,
चालतो आहे.